क्षेत्रफळ शून्य, पण किंमत शून्य नव्हे



१८५४ सालच्या ऑगस्टअखेरीस लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची साथ भडकली. थोड्याच दिवसांत सुमारे सहाशे माणसे दगावली. दूषित हवेमुळे पटकी होते, असा त्या काळी बहुतेकांचा समज होता. डॉ. जॉन स्नो यांचे मत वेगळे होते. रोग पाण्यातून पसरतो, असे ते म्हणत. त्यांनी घरोघर फिरून माहिती जमवली आणि ती पुढे १८५५ साली नकाशांवर मांडून प्रसिद्ध केली. ज्या घरात मृत्यू झाला तेथे एक लहानशी काळी खूण केली. सार्वजनिक पाण्याचे पंप दाखवले. रस्ते तर नकाशावर होतेच. ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप आणि आसपासचे इतर पंप यांच्यापासून चालत जाण्याचे अंतर जेथे सारखे भरते, ती सीमाही त्यांनी एका नकाशावर आखली. मृत्यूंच्या खुणा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेल्या दिसतात. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. पण पाणी आणि पटकी यांचा संबंध दाखवणारा एक मोलाचा पुरावा जगाला मिळाला.

आता या नकाशाकडे भूमितीच्या नजरेने पाहा. पंप आणि मृत्यू हे बिंदू आहेत. रस्ते या रेषा आहेत. पंपाभोवतीचा सीमेने वेढलेला प्रदेश हे क्षेत्र आहे. तिन्ही जाती एकाच नकाशावर एकत्र नांदतात आणि त्या एकत्र आहेत म्हणूनच नकाशा बोलतो. समजा, आजच्या एखाद्या संगणकतज्ज्ञाने हीच माहिती संगणकात भरली आणि आज्ञावलीत एक साधी ओळ लिहिली: ‘ज्यांचे क्षेत्रफळ शून्याहून अधिक आहे तेवढेच घटक ठेवा, बाकीचे गाळा.’ तर सर्वांत आधी काय गळेल? पंप! ज्याच्यासाठी सारा खटाटोप केला, तोच नाहीसा होईल. आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

अशी ओळ कोणी कशाला लिहील, असे तुम्हांला वाटेल. पण ती लिहिली जाते, आणि बहुधा चांगल्या हेतूनेच लिहिली जाते. हे का घडते, ते कसे टाळावे आणि त्याचा तुमच्या शाळेतल्या भूमितीशी काय संबंध, याविषयी माझे मत या लेखात मांडायचे आहे.

सात जाती आणि एक पिशवी

बिंदूला लांबी-रुंदी नसते, रेषेला लांबी असते पण रुंदी नसते, आणि पृष्ठाला दोन्ही असतात, हे तुम्ही शाळेत शिकता. हा भेद युक्लिडइतका जुना आहे. गणिताच्या भाषेत बिंदूची मिती शून्य, रेषेची एक आणि क्षेत्राची दोन. संगणकावर नकाशे हाताळणाऱ्यांनीही हाच भेद पायाभूत मानला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १९१२५ या आंतरराष्ट्रीय मानकात तो आहे आणि इंटरनेटवर नकाशांची माहिती पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जिओजेसन या मांडणीतही तो आहे. जिओजेसनचे आजचे मानक ऑगस्ट २०१६ चे. त्यात आकृत्यांच्या सात जाती सांगितल्या आहेत.

पहिल्या तीन जाती म्हणजे बिंदू, रेषा आणि बहुभुज. पुढच्या तीन म्हणजे अनेक बिंदू, अनेक रेषा आणि अनेक बहुभुज यांचे समूह. एकाच जातीच्या समूहाची गरज का पडते? दादरा आणि नगर हवेली यांचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले नगर हवेली आणि गुजरातेने चहूबाजूंनी वेढलेले दादरा हे एकमेकांना जोडलेले नाहीत. २६ जानेवारी २०२० पासून दमण आणि दीवही त्याच केंद्रशासित प्रदेशात आले. प्रदेश एक, पण जमिनीचे तुकडे अनेक. तो एका बहुभुजाने दाखवता येत नाही. अनेक बहुभुजांचा समूहच लागतो.

सातवी जात मात्र वेगळी आहे. ती म्हणजे मिश्र समूह. आपण तिला पिशवी म्हणू. या पिशवीत बिंदू, रेषा, बहुभुज काहीही एकत्र ठेवता येते. इतकेच काय, पिशवीत दुसरी पिशवीही ठेवता येते. अशा पिशवीतल्या पिशव्या शक्यतो टाळाव्यात, असा सल्ला जिओजेसनचे मानक देते.

बाजारातून येताना आईच्या पिशवीत दोन किलो कांदे, एक लिटर तेल आणि तीन मीटर कापड आहे. ‘एकूण किती सामान आणले?’ असे कोणी विचारले तर ‘सहा’ हे उत्तर हास्यास्पद ठरेल. किलो, लिटर आणि मीटर यांची बेरीज होत नाही, हे लहान मूलही सांगेल. नकाशाच्या पिशवीचेही नेमके तसेच आहे. फरक इतकाच, की संगणकाला हसू येत नाही. तो निमूटपणे काहीतरी आकडा देतो.

पिशवी न मागताही मिळते

तुम्ही म्हणाल, ‘मग पिशवी वापरूच नये!’ पण ती न मागताही हातात येते. हे तुमचे तुम्हांलाच पडताळता येईल. आलेखाचा कागद घ्या.

पहिली आकृती अ: (०,०), (१०,०), (१०,४), (०,४) हे चार बिंदू जोडून आयत काढा. हे एका नियोजित तलावाचे पाणी समजा.

दुसरी आकृती ब: (०,८), (०,६), (१,६), (१,३), (३,३), (३,६), (५,६), (५,४), (७,४), (७,६), (८,६), (९,४), (१०,६), (१०,८) हे बिंदू क्रमाने जोडा आणि शेवटचा पहिल्याला जोडा. तीन दात खाली आलेल्या फणीसारखी आकृती तयार होईल. ही शेजारच्या गावाची जमीन समजा. आलेखावरचे एक एकक म्हणजे १०० मीटर धरू. म्हणजे एक चौरस एकक बरोबर एक हेक्टर होईल.

आता सांगा, अ आणि ब यांचा सामाईक भाग कोणता? पहिला दात पाण्यात शिरला आहे. तेथे २ चौरस एककांचा, म्हणजे दोन हेक्टरांचा आयत सामाईक आहे. दुसऱ्या दाताचे टोक सपाट आहे आणि ते पाण्याच्या काठाला नुसते टेकले आहे. तेथे (५,४) पासून (७,४) पर्यंतचा रेषाखंड सामाईक आहे. तिसरा दात टोकदार आहे. तो फक्त (९,४) या बिंदूत पाण्याला शिवतो.

दोन्ही आकृत्या साध्या बहुभुज होत्या. दोघांत एकही सुटा बिंदू अथवा रेषा नव्हती. तरीही उत्तरात एक बहुभुज, एक रेषा आणि एक बिंदू, अशी पिशवी आली. यात संगणकाचा दोष नाही. भूमितीचे खरे उत्तरच तसे आहे.

प्रत्यक्ष नकाशावरही हे दिसते. अमेरिकेत युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना या चार राज्यांचे कोपरे एका ठिकाणी मिळतात. युटा आणि कोलोरॅडो यांचा सामाईक भाग ही एक रेषा आहे. पण युटा आणि न्यू मेक्सिको यांचा सामाईक भाग म्हणजे केवळ एक बिंदू. मग युटा आणि न्यू मेक्सिको शेजारी आहेत की नाहीत? उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. एका राज्यातून दुसऱ्यात थेट रस्ता नेता येईल का, असे विचारले तर नाही. एकमेकांना स्पर्श होतो का, असे विचारले तर होय.

दोन आज्ञावल्या, दोन उत्तरे

आता आपल्या तलावाच्या पिशवीची लांबी विचारू. पायथॉन भाषेत नकाशांचे काम करणारे अनेकजण शेपली हे साधन वापरतात. शेपलीच्या मते बहुभुजाची लांबी म्हणजे त्याची परिमिती. पिशवी दिली की ते सर्व घटकांच्या लांबीची बेरीज करते. पहिल्या आयताची परिमिती ६, रेषाखंड २, बिंदू ०. एकूण ८, म्हणजे ८०० मीटर.

माहितीसाठ्यात नकाशे ठेवण्यासाठी पोस्टजीआयएस हे साधन फार प्रचलित आहे. त्याच्या मते बहुभुजाची लांबी शून्य. परिमिती हवी असेल तर ती वेगळी मागा. त्यामुळे तेथे त्याच पिशवीची लांबी २, म्हणजे २०० मीटर येते.

कोण चुकले? कोणीच नाही. दोघांनीही आपापले नियम आपल्या माहितीपुस्तिकेत लिहून ठेवले आहेत. पण पुस्तिका न वाचता आकडा उचलणाऱ्याचे काय? समजा, गावकऱ्यांनी विचारले, ‘आमच्या जमिनीला तलावाचा काठ किती लाभणार?’ आलेखावर बोट ठेवून मोजा. पहिल्या दातापाशी काठ २ एकक, दुसऱ्या दातापाशी २ एकक, आणि तिसऱ्यापाशी एक बिंदू. म्हणजे खरे उत्तर ४०० मीटर. आठशेही नाही आणि दोनशेही नाही! काठाची लांबी हवी असेल, तर तलावाची सीमारेषा वेगळी काढून तिचा जमिनीशी छेद घ्यायला हवा. पिशवीला नुसती ‘लांबी’ विचारून ते उत्तर कधीच मिळणार नव्हते.

पिशवीचा मध्य विचारला तर आणखी एक गंमत होते. मिश्र समूहाचा मध्य काढताना ही साधने फक्त सर्वांत मोठ्या मितीचे घटक जमेस धरतात. आपल्या पिशवीचा मध्य (२, ३.५) येतो. तो पहिल्या आयताचाच मध्य होय. रेषाखंड कोठेही हलवा, बिंदू शंभर मैल दूर न्या, मध्य तसूभरही सरकत नाही. नियम तर्काला धरून आहे, कारण क्षेत्राच्या तुलनेत रेषेचे व बिंदूचे वजन शून्यच मानावे लागते. परंतु एका पिशवीत गावची एक शेती आणि चाळीस विहिरी असतील आणि टँकर कोठे उभा करावा हे त्या मध्यावरून ठरवले, तर चाळीसही विहिरींना मत नाही, हे ठरवणाऱ्याला माहीत असायला हवे.

एका फायलीत एकच जात?

या गोंधळावर एक सरळ उपाय पूर्वीपासून चालत आला आहे. एका फायलीत एकच जात ठेवायची. शेपफाइल नावाच्या प्रसिद्ध मांडणीत असेच असते. बिंदूंची फाइल वेगळी, रेषांची वेगळी, बहुभुजांची वेगळी. क्यूजीआयएस ही मोफत मिळणारी नकाशांची आज्ञावली मिश्र जिओजेसन फाइल उघडतानाही प्रत्येक जातीचा थर वेगळा करते. या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मोजमाप सोपे होते, चुका कमी होतात, आणि थर वेगळे असले की रंग-खुणाही नीट देता येतात. ज्यांना रोज हजारो नकाशे हाताळायचे असतात ते या शिस्तीचा आग्रह धरतात, आणि तो योग्यच आहे.

पण या शिस्तीची किंमतही असते. तुमची शाळाच घ्या. इमारत हे क्षेत्र, कूपनलिका हा बिंदू, रस्त्यापासून फाटकापर्यंतची वाट ही रेषा. तिन्ही मिळून एकच शाळा होते. तीन फायलींत तिघांना पांगवले, तर ‘ही कूपनलिका याच शाळेची’ हे नाते वेगळे लिहून ठेवावे लागते. ते लिहायचे राहिले की नाते तुटते. शिवाय फायली वेगळ्या ठेवल्या तरी छेद घेताना पिशवी पुन्हा अवतरतेच, हे आपण तलावाच्या उदाहरणात पाहिले.

दुसरा एक उपाय म्हणजे सर्वांना बळेच एका जातीत बसवणे; उदाहरणार्थ, प्रत्येक विहिरीभोवती दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून तिचे क्षेत्र बनवणे. विहिरीभोवतीची संरक्षित जागा हा खरोखरच प्रश्न असेल तर हे वर्तुळ सार्थ आहे. केवळ आज्ञावली अडू नये म्हणून ते काढले असेल, तर आपण नसलेली जमीन निर्माण केली. उद्या कोणी त्या थराचे क्षेत्रफळ मागितले, तर प्रत्येक विहिरीमागे सुमारे ३१४ चौरस मीटर बेरजेत शिरतील.

माझा आग्रह तीन गोष्टींचा

म्हणून माझे मत असे आहे. अर्थासाठी एकत्र ठेवा, मोजण्यासाठी वेगळे करा आणि जे बाजूला ठेवले त्याचा हिशेब द्या. यांतली तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते.

पहिली गोष्ट: प्रश्न आधी लिहा. किती जमीन बुडणार, असा प्रश्न असेल तर बहुभुज घ्या. काठ किती, असा असेल तर रेषा घ्या. पाणी कोठे कोठे गाठता येते, असा असेल तर तो टोकाचा एकुलता बिंदूही घ्या. गावच्या गुरांची पाण्यावर जाण्याची वाट कदाचित तेथूनच असेल. प्रश्न ठरला की जात ठरते. वस्तू तीच असली तरी जात बदलू शकते, हेही ध्यानात ठेवा. भारताच्या नकाशावर नाशिक हा बिंदू आणि गोदावरी ही रेषा असते. शहराच्या नकाशावर नाशिक हे क्षेत्र होते आणि गोदावरीलाही दोन काठ फुटतात.

दुसरी गोष्ट: पिशवी शेवटपर्यंत उघडा. आत दुसरी पिशवी असली तर तीही उघडा. बाहेरच्या पिशवीतले घटक मोजून थांबणारी आज्ञावली आतल्या पिशवीला एकच वस्तू समजते. आणि पिशवी रिकामी निघाली तर तेही एक उत्तर आहे, हे ओळखा. ‘सामाईक काहीच नाही’ आणि ‘आम्ही तपासलेच नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संगणकात या दोहोंसाठी दोन वेगळ्या खुणा असतात. त्यांची गल्लत करू नका.

तिसरी गोष्ट: गाळलेल्याची नोंद ठेवा. पोस्टजीआयएसमध्ये पिशवीतून हव्या त्या जातीचे घटक काढून देणारी एक सोय आहे. तिला १ सांगितले की बिंदू मिळतात, २ सांगितले की रेषा, ३ सांगितले की बहुभुज. नव्या आवृत्त्यांत काहीच सांगितले नाही तर सर्वांत मोठ्या मितीचे घटक मिळतात. सोय उत्तम आहे. पण वापरणाऱ्याने आपल्या आज्ञावलीत आणखी दोन ओळी लिहाव्यात: ‘बहुभुज १ घेतला, रेषा १ आणि बिंदू १ बाजूला ठेवले.’ एवढ्याशा नोंदीने पुढचा माणूस सावध होतो.

याउलट उदाहरण म्हणून जेटीएस या साधनाकडे पाहा. शेपली आणि पोस्टजीआयएस यांच्या पोटात जे भूमितीचे यंत्र आहे, ते याच जेटीएसवरून तयार झाले. जेटीएसला मिश्र पिशवी देऊन दुसऱ्या आकृतीतून वजा करायला सांगितले, की दीर्घकाळ ते स्पष्ट नकार देत असे: अशा समूहावर ही क्रिया करता येत नाही. नवशिक्यांना हा नकार जाचक वाटे. मला तो प्रामाणिक वाटतो. गप्प राहून अर्धे उत्तर देण्यापेक्षा ‘मला जमत नाही’ असे सांगणे केव्हाही बरे. नकाराने काम एक तास थांबते. गुपचूप गाळलेली विहीर मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

शिक्षकांना एक विनंती

या साऱ्याचे मूळ शाळेत आहे, असे मला वाटते. भूमितीच्या तासाला आपण सूत्रे पाठ करतो. आयत दिसला की लांबी गुणिले रुंदी, वर्तुळ दिसले की पायचे सूत्र. पण ‘ही वस्तू कोणत्या जातीची मानावी आणि का?’ हा प्रश्न परीक्षेत क्वचितच येतो. आकृती आयती दिलेली असते. संगणकाच्या जगात मात्र सूत्र चालवण्याचे काम यंत्र करते. जात ठरवण्याचे काम माणसाकडे उरते. ज्या कामाची गरज वाढली, त्याचाच सराव आपण देत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्षातून दोन तास या कामासाठी काढावेत. मुलांना घेऊन शाळेच्या परिसराचा नकाशा करावा. झाडे, नळ, विजेचे खांब हे बिंदू. वाटा, गटारे, कुंपण या रेषा. इमारती, मैदान, बाग ही क्षेत्रे. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या जातीची मानली आणि कोणत्या प्रश्नासाठी मानली, हे मुलांनीच लिहावे. वाद होतील, आणि ते व्हावेत. कुंपण ही रेषा की मैदानाची सीमा? वडाचे झाड हा बिंदू की त्याच्या सावलीचे क्षेत्र? एकच बरोबर उत्तर नाही, आणि तरीही प्रत्येक उत्तराला कारण लागते. विज्ञानाचा याहून चांगला धडा कोणता?

शाळेत संगणक असेल तर हीच माहिती २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून घडवलेल्या नकाशाशी ताडून पाहता येईल. तेथेही एक मौज आढळेल. गोल चौक आणि गोल बाग यांची बाह्यरेषा सारखीच, स्वतःलाच येऊन मिळणारी. पहिली रस्ता म्हणून रेषा आणि दुसरी बाग म्हणून क्षेत्र, हे आकारावरून कळत नाही. माणसाने लिहिलेल्या नोंदीवरूनच कळते. आणि संगणक नसेल तरी काही अडत नाही. आलेखाचा कागद, फूटपट्टी आणि तीन रंगांच्या पेन्सिली पुरतात.

मित्रांनो, पुढे तुमच्यापैकी कोणी धरणांचे, रस्त्यांचे, रुग्णालयांचे नकाशे करील. तुमच्या आज्ञावलीने दिलेल्या आकड्यावरून कोणाला भरपाई मिळेल, कोणाच्या विहिरीची दखल घेतली जाईल, कोणाची वाट बंद होईल. त्या वेळी उत्तर हाती आले की लगेच पुढे जाऊ नका. किती घटक आत गेले आणि किती बाहेर आले, याची वजाबाकी करून पाहा. वजाबाकी जुळली नाही, तर थांबून हरवलेल्या बिंदूंचा शोध घ्या. लंडनच्या नकाशावर पंपाने व्यापलेली जागा शून्यच होती.